पाणी न गाळणारा स्पंज : कॉन्ड्रोक्लॅडिया लायराची शरीररचना आणि वर्गीकरण

दहावीच्या विज्ञानात प्राण्यांचे वर्गीकरण शिकवताना पहिलाच संघ येतो तो रंध्रीय प्राण्यांचा, म्हणजे पोरिफेराचा. मुलं तो पटकन पाठ करतात, कारण मुद्दे थोडे आणि सोपे आहेत. अंगावर असंख्य छिद्रे, ऑस्टियातून पाणी आत, ऑस्क्युलातून पाणी बाहेर, पाणी खेळते ठेवणाऱ्या कॉलर पेशी, आणि त्या पाण्यातून गाळून घेतलेले बारीक अन्न. उदाहरणे विचारली की सायकॉन आणि आंघोळीचा स्पंज. हे सगळं बरोबरच आहे.

पण समुद्राच्या तळाशी एक स्पंज असा आहे की जो यातलं जवळजवळ काहीच करत नाही. तो पाणी गाळून पोट भरत नाही. तो शिकार करतो. आणि तरीही सगळे प्राणिशास्त्रज्ञ एकमुखाने त्याला स्पंजच म्हणतात. मग प्रश्न पडतो की स्पंज कशाला म्हणायचं? आपण वर्गात जी व्याख्या फळ्यावर लिहितो ती व्याख्या आहे, की फक्त वर्णन? या एका प्राण्याच्या निमित्ताने हा प्रश्न नीट सोडवता येतो, म्हणून हा लेख.

त्याचं नाव कॉन्ड्रोक्लॅडिया लायरा. इंग्रजीत त्याला हार्प स्पंज म्हणतात. लायर हे प्राचीन ग्रीसमधलं तारांचं वाद्य, हार्प हे त्याच्याच जवळचं. आपल्याकडच्या मुलांनी ही वाद्यं पाहिलेली नसतात. चित्र दाखवलं तर मुलं म्हणतात, "सर, ही तर फणी आहे, दात वर करून ठेवलेली." मला ही उपमा शास्त्रज्ञांच्या उपमेपेक्षा जास्त पटते.

कुठे सापडतो?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, उत्तर कॅलिफोर्नियासमोर, प्रशांत महासागरात सुमारे ३,३०० ते ३,५०० मीटर खोलीवर. आकडा मुलांना कळत नाही, तेव्हा कळसूबाईचं उदाहरण घ्यावं. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. एकावर एक अशी दोन कळसूबाई शिखरं समुद्रात बुडवली तरी वरच्या शिखराचा माथा पाण्याखालीच राहील, इतकं ते खोल. तिथे सूर्यप्रकाश अजिबात नाही, पाणी जवळजवळ गोठणबिंदूला टेकलेलं, आणि दाब आपल्यावरच्या हवेच्या दाबाच्या तीनशे पटींहून जास्त. माणूस तिथे पोहत जाऊ शकत नाही. कॅलिफोर्नियातील माँटेरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने दूरनियंत्रित यंत्र खाली सोडून, त्याच्या कॅमेऱ्यातून हा प्राणी २००० साली पाहिला. नाव आणि शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं ते २०१२ मध्ये. वेल्टन ली, हेन्री राइसविग, विल्यम ऑस्टिन आणि लॉनी लुंडस्टन या चौघांनी ते लिहिलं. पुढच्या वर्षी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या जाती-शोध संस्थेने काढलेल्या 'दहा उल्लेखनीय नव्या जाती'च्या यादीतही तो झळकला.

वर्णन लिहिलं गेलं तेव्हा हातात प्रत्यक्ष नमुने होते फक्त दोन. आणखी दहा प्राणी चित्रफितीत दिसले होते. झालं, एवढंच. त्याला दुर्मीळ म्हणतात ते या अर्थाने. इथे जरा थांबून मुलांना सांगायला हवं की "क्वचित दिसलेला" आणि "संख्येने कमी" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाघ दुर्मीळ आहे हे आपण मोजून सांगतो. या स्पंजाच्या बाबतीत मोजायला तिथवर कोण जातंय!

बाहेरून कसा दिसतो?

खालून वर जाऊ. तळाशी मऊ गाळ असतो. त्यात हा प्राणी मुळांसारखे धागे रोवून उभा असतो. हे मूळ नव्हे, वनस्पतीच्या मुळासारखं ते काही शोषून घेत नाही. तंबूची खुंटी जशी, तसं फक्त धरून ठेवण्याचं काम. म्हणून त्याला मूलाभ म्हणणं योग्य.

मूलाभाच्या वर मध्यभागापासून एक किंवा अधिक आडव्या दांड्या निघतात. प्रत्येक आडव्या दांडीवर उभ्या, सरळ, एकमेकींना समांतर अशा फांद्यांची एक ओळ असते. आडवी दांडी आणि तिच्यावरची उभी ओळ मिळून जे तयार होतं ते एक पातं, म्हणजे आपली एक फणी. एका प्राण्याला अशी एक ते सहा पाती असतात. जास्त पाती असली की ती मध्यापासून चहूबाजूंनी सारख्या अंतरावर पसरतात. वरून पाहिलं तर चाकाच्या आऱ्यांसारखी दिसतील. प्राण्याची उंची सुमारे ३७ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे कंपासपेटीतल्या नव्हे तर फूटपट्टीच्याही थोडी वर.

प्रत्येक उभ्या फांदीच्या टोकाला एक छोटा फुगीर गोळा असतो. फांदीच्या साधारण मध्यावरही काही वेळा फुगवटा दिसतो. आणि दांड्या, फांद्या या सगळ्यांवर बारीक तंतू असतात. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, कारण प्रत्येकीचं काम वेगळं आहे.

असा पसरट, अनेक पात्यांचा आकार कशासाठी? संशोधकांचं म्हणणं असं की त्यामुळे वाहत्या पाण्यासमोर जास्तीत जास्त पृष्ठभाग येतो. जाळं जितकं मोठं तितके मासे जास्त. कोकणातल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शिकार कशी करतो?

नेहमीचा स्पंज म्हणजे एक पंप आहे. त्याच्या कॉलर पेशींची शेपटीसारखी कशाभिका सतत हलत असते आणि दिवसभरात तो आपल्या शरीराच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी आतून फिरवतो. त्या पाण्यात जिवाणू आणि सूक्ष्म कण भरपूर असतील तर हा व्यवहार परवडतो. साडेतीन किलोमीटर खोलीवर मात्र अन्न वरून झिरपत येतं तेवढंच. तिथे दिवसरात्र पंप चालवायचा आणि हाती चिमूटभर लागायचं, हा आतबट्ट्याचा धंदा झाला.

त्यापेक्षा एखादा मोठा घास मिळण्याची वाट बघत बसलेलं बरं. कॉन्ड्रोक्लॅडिया लायरा नेमकं तेच करतो. त्याच्या फांद्यांवर आणि तंतूंवर सिलिकाचे अतिसूक्ष्म आकडे असतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही लहान. पाण्याबरोबर येणारे कोपेपॉडसारखे छोटे कवचधारी प्राणी त्यात अडकतात. (कोपेपॉड म्हणजे काय असं कोणी विचारलं, तर नारू रोगाच्या धड्यातला सायक्लॉप्स आठवा, तो याच गटातला.) या प्राण्यांच्या पायांवर, अंगावर बारीक केस असतात. तेच त्यांना नडतात. पावसाळा संपल्यावर गवतातून चालत आलं की पँटला कुसळं चिकटतात, तसाच प्रकार. दप्तराचा किंवा सँडलचा वेल्क्रो भिंगाखाली धरला तर मुलांना यंत्रणा लगेच दिसते. एका बाजूला आकडे, दुसऱ्या बाजूला केसांची गुंतवळ.

आता पुढचा भाग खरा नवलाचा. या प्राण्याला तोंड नाही, पोट नाही, स्नायू नाहीत, चेतासंस्था नाही. म्हणजे सापडलेला घास उचलून तोंडात घालण्याची सोय नाही. इथे उलटं घडतं. घास पोटाकडे जात नाही, पोटच घासाकडे येतं. स्पंजाच्या शरीरातल्या पेशी सरकत सरकत शिकारीपाशी गोळा होतात, तिच्याभोवती पातळ पडदा तयार करतात आणि तिला तिथल्या तिथे पचवतात. अभ्यासलेल्या नमुन्यांच्या फांद्यांवर पचनाच्या वेगवेगळ्या टप्प्यांतले असे कवचधारी प्राणी सापडले आहेत.

पेशींचं हे सरकणं पायरीपायरीने कसं होतं, ते याच कुलातल्या दुसऱ्या एका स्पंजावरून कळलं. तो स्पंज प्रयोगशाळेत जिवंत ठेवता आला. त्याला छोटे कवचधारी प्राणी खायला घातले तर साधारण दिवसभरात शिकार पूर्ण झाकली जाते आणि मोठी असेल तर पचायला आठ-दहा दिवस लागतात. स्पंजाला घाई कसली?

गोळे आणि फुगवटे

टोकाचे गोळे शोभेचे नाहीत. तिथे शुक्रपेशींच्या पुड्या तयार होतात आणि पाण्यात सोडल्या जातात. फांदीच्या मधल्या फुगवट्यात अंडपेशी पक्व होतात. म्हणजे नर आणि मादी दोन्ही भाग एकाच प्राण्यात, पण जागा वेगवेगळ्या. पुडीतून सोडण्याचा फायदा उघड आहे. अफाट समुद्रात सुट्या शुक्रपेशी सोडल्या तर त्या विरून जातील. पुडी मात्र वाहत दुसऱ्या स्पंजापर्यंत पोहोचू शकते आणि तिथे शिकार अडकावी तशी अडकते. पकडण्याची एकच युक्ती दोन कामांना वापरली आहे.

टोकाला फुगे असणारी या प्रजातीतली आणखी काही भावंडं आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या अंगात पाण्याच्या नळ्यांचं जाळं अजून शिल्लक आहे, पण त्याचा उपयोग अन्न गाळण्याऐवजी ते फुगे फुगवून ताठ ठेवण्यासाठी होतो. जुन्या घरातलं जातं दळण्यासाठी न वापरता त्यावर तुळशीची कुंडी ठेवावी, तसं. वर्गीकरणाच्या दृष्टीने हा पुरावा फार मोलाचा आहे, कारण या गटाचे पूर्वज पाणी गाळत होते हे त्यातून दिसतं.

मग हा स्पंज का?

दोन वाटा होत्या. एक, "जो पाणी गाळतो तोच स्पंज" ही व्याख्या घट्ट धरायची आणि या प्राण्याला संघाबाहेर काढायचं. दुसरी, तो कोणाचा वंशज आहे ते पाहायचं. शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली, आणि ती का, हे आपल्या परसातल्या अमरवेलीवरून सांगता येईल. अमरवेलीला हिरवी पानं नाहीत, मातीत मूळ नाही, ती दुसऱ्या झाडाचा रस शोषून जगते. "वनस्पती स्वतःचं अन्न स्वतः तयार करतात" हे वाक्य तिला लागू पडत नाही. तरी ती वनस्पतीच आहे, इतकंच नव्हे तर रताळ्याच्या आणि गारवेलीच्या कुलातली आहे. कशावरून? फुलांवरून. राहणी बदलली, पान गेलं, पण फुलाने घराणं लपवलं नाही.

आपल्या स्पंजात फुलाचं काम करतात त्या कंटिका. स्पंजाच्या शरीराला आधार देणाऱ्या या सूक्ष्म काड्या. कोणत्या द्रव्याच्या, किती टोकांच्या, कोणत्या आकाराच्या, यावर स्पंजांचं बहुतेक वर्गीकरण उभं आहे. तज्ज्ञ मंडळी स्पंजाचा छोटा तुकडा घेतात, ब्लीच किंवा तीव्र आम्लात त्यातली मांसल पेशीरचना विरघळवतात आणि खाली उरलेल्या कंटिका सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बाहेरून दोन स्पंज सारखे दिसले तरी कंटिका सहसा खरं बोलतात.

आता पायरीपायरीने उतरू.

संघ पोरिफेरा. हे नाव रॉबर्ट ग्रांट यांनी १८३६ मध्ये दिलं. त्यांनीच त्याआधी स्पंजाच्या छिद्रांतून पाणी बाहेर पडताना बारकाईने पाहिलं होतं. (एडिंबरोला शिकत असताना तरुण डार्विनला समुद्री प्राण्यांची गोडी लावणारे ते हेच ग्रांट.) त्याच्या आधीच्या काळात स्पंज हा प्राणी की वनस्पती यावरच वाद होता.

वर्ग डेमोस्पाँजिए. स्पंजांचे आज चार वर्ग मानतात. चुन्याच्या कंटिका असलेला एक, सहा टोकांच्या काचेसारख्या कंटिकांचा दुसरा, होमोस्क्लेरोमॉर्फा हा छोटासा तिसरा आणि डेमोस्पाँजिए हा सर्वांत मोठा. पाचातले चार स्पंज याच वर्गातले. आपल्या प्राण्याच्या कंटिका सिलिकाच्या आहेत, पण सहा टोकांच्या नाहीत. यूप्लेक्टेला हा पाठ्यपुस्तकातला काचस्पंजही खोल समुद्रातला, देखणा आणि सिलिकाचाच, तरी तो दुसऱ्या वर्गातला. खोल समुद्रात राहणं हे नात्याचं लक्षण नाही, हे इथे मुलांना आवर्जून दाखवावं.

गण पोइसिलोस्क्लेरिडा. इथे मोठी खूण लागते. या गणातच केली नावाच्या सूक्ष्म कंटिका आढळतात. मध्ये वाकलेला दांडा आणि दोन्ही टोकांना नांगरासारखे किंवा पंज्यासारखे दात, असं त्यांचं रूप. हेच ते शिकार पकडणारे आकडे. गंमत अशी की या गणातल्या पाणी गाळून जगणाऱ्या साध्या स्पंजांतही केली असतात, ते काही शिकार करत नाहीत. आकडा घरात आधीपासून होता. या कुलाने तो गळासारखा वापरायला घेतला.

कुल क्लॅडोरायझिडी. प्राण्यांच्या कुलांची नावं 'इडी'ने संपतात, जसं मांजरांचं फेलिडी. मांसाहारी स्पंजांचं घराणं हेच. त्यातल्या आजवर वर्णन झालेल्या जाती दीडशेहून जास्त आहेत. अलीकडे जनुकांची तुलना करून पाहिली तेव्हाही हे सगळे एकाच पूर्वजाचे वंशज असल्याचं दिसलं.

प्रजाती कॉन्ड्रोक्लॅडिया. या कुलातल्या तीन जुन्या प्रजातींना वेगळं ओळखायचं तर पुन्हा आकडाच पाहायचा. ॲस्बेस्टोप्लुमा आणि क्लॅडोरायझा यांच्या आकड्याची दोन टोकं असमान असतात. कॉन्ड्रोक्लॅडियाच्या आकड्याची दोन्ही टोकं सारखी आणि नांगरासारखी असतात. प्रजाती म्हणून तिची नोंद १८७३ ची, वायव्हिल थॉमसन यांची. तेच चॅलेंजर जहाजाच्या प्रसिद्ध सागरी मोहिमेचे प्रमुख होते.

या जातीसाठी सिमेट्रोक्लॅडिया अशी एक नवी उपप्रजातीही केली गेली, कारण पात्यांची इतकी सममित मांडणी या प्रजातीत वेगळी वाटली. आणि शेवटी जाती लायरा.

जाता जाता शब्दांबद्दल. वर्तमानपत्रांत "नवी प्रजाती सापडली" असं छापतात तेव्हा बहुतेक वेळा नवी जाती सापडलेली असते. मराठी पाठ्यपुस्तकांत प्रजाती ही वरची पायरी आणि जाती ही खालची. हिंदीतून आलेल्या मजकुरात हे उलटतं. मुलांच्या मनात इथेच गोंधळ होतो, म्हणून फळ्यावर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून ठेवणं सोयीचं.

सव्वाशे वर्षं न दिसलेली गोष्ट

थॉमसनच्या काळापासून या कुलातले स्पंज संग्रहालयांच्या बाटल्यांत होते. त्यांची चित्रं काढली गेली, आकड्यांची मोजमापं झाली. पण ते मांस खातात हे कोणाला कळलं नाही. कारण साधं होतं. जाळं तळावरून ओढत वर आणलं की इतका नाजूक प्राणी तुटून जातो, आणि मेलेल्या स्पंजाने काही पकडताना दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

उलगडा झाला तो १९९५ मध्ये, आणि तोही खोल समुद्रात नव्हे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, ला सिओताजवळच्या समुद्रातल्या एका गुहेत, थोड्याच खोलीवर याच कुलातला एक छोटा स्पंज सापडला. ती गुहा आत उतरती आहे, त्यामुळे हिवाळ्यातलं थंड पाणी तिच्यात वर्षभर अडकून राहतं. काळोख आणि गारवा, खोल समुद्राची जणू घरगुती आवृत्ती. ज्याँ व्हासले आणि निकोल बुरी-एस्नो यांनी तिथे पाणबुड्याच्या पोशाखात जाऊन तो पाहिला, जिवंत आणला आणि त्याला शिकार पकडताना, पचवताना दाखवून दिलं. वर आठ-दहा दिवसांच्या पचनाचं जे सांगितलं ते याच स्पंजाचं. त्यानंतर जुन्या बाटल्यांकडे लोक नव्या नजरेने पाहू लागले, आणि यंत्रांचे कॅमेरे तळाशी पोहोचल्यावर लायरासारखे प्राणी अखंड स्वरूपात दिसले.

वर्गात कसं घ्यावं

काही पालक विचारतात की हे परीक्षेला येणार आहे का. नाही, नावानिशी येणार नाही. पण "शरीराची लक्षणे वाचून संघ ओळखा" हा प्रश्न नेहमी येतो, आणि त्यात एखादं लक्षण गळालेलं असलं तरी उरलेल्या पुराव्यावरून संघ कसा ओळखायचा, याचा सराव इथे होतो.

मी हे एका तासिकेत बसवतो. आधी नाव न सांगता पाच वाक्यं देतो: जागेवरून हलत नाही, तोंड नाही, चेतापेशी नाहीत, छोटे प्राणी पकडून खातो, शरीरात सिलिकाच्या कंटिका आहेत. गटागटाने संघ ठरवायचा आणि कारण सांगायचं. बहुतेक गट "पकडून खातो" या वाक्यावर अडकून आंतरदेहगुहीकडे, म्हणजे हायड्राकडे जातात. मग हायड्राला दंशपेशी, तोंड आणि चेतापेशींचं जाळं असतं हे त्यांचं त्यांनाच आठवतं आणि चर्चा रंगते. उत्तर लगेच सांगू नये. कंटिकांच्या वाक्यावर कोणीतरी बोट ठेवेपर्यंत थांबावं.

प्रतिकृती करायची तर खराट्याच्या काड्या, मातीचे गोळे आणि एक आडवी पट्टी पुरते. फांद्यांवर वेल्क्रोची आकड्यांची बाजू चिकटवली आणि वरून लोकरीचे तुकडे सोडले तर काही अडकतात, काही निसटतात. किती अडकले ते मोजा, मग एकाऐवजी तीन पाती लावून पुन्हा मोजा. आकृती काढताना मूलाभ, आडवी दांडी, उभी फांदी, तंतू, मधला फुगवटा आणि टोकाचा गोळा एवढी नावं पुरेत. हात सवयीने ऑस्टिया आणि ऑस्क्युला लिहायला जातो, ती नावं सायकॉनच्या आकृतीत ठेवा. आणि शेजारी उंची लिहा, ३७ सेंटिमीटरपर्यंत, नाहीतर मुलं तो भिंगातून पाहिलेला प्राणी समजतात.